सोलापूरच्या उन्हाळ्यात तग धरणारा गेमिंग पीसी : पार्ट कुठले घ्यावेत आणि खोलीचं काय करावं

होटगी_रोड

ग्राफिक्स कार्ड आणि कूलरचे जे रिव्ह्यू आपण यूट्यूबवर बघतो, ते बहुतेक २१ ते २५ अंशांच्या खोलीत केलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, काही दिवस तर ४३-४४ पर्यंत जातो. वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची बिनएसीची खोली संध्याकाळी सहज ३८ अंशांवर असते. तिकडचे आकडे बघून इथे पार्ट घेतले की मे महिन्यात फसगत होते. एसी नसलेल्या घरात बारा महिने नीट चालेल असा पीसी कसा जमवायचा, त्याबद्दल हा धागा.

आधी मुळातली गोष्ट. कूलर हवेचा असो की पाण्याचा, तो चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. चिप आणि हवा यांच्यातलं अंतर कमी ठेवणं एवढंच त्याच्या हातात असतं. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७५ दाखवत असेल, तर खोली ३८ ला गेली की तोच प्रोसेसर ८८ च्या आसपास जाणार. एएमडीच्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, ७८००एक्स३डी ची ८९, इंटेल आय५ १२४००एफ ची १००. म्हणजे पुण्यात हिवाळ्यात निवांत चालणारी जोडणी इथे मर्यादेला टेकते, मग प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि गेम अडकायला लागतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पीसी जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत येते. ४०० वॅट खाणारा पीसी म्हणजे ४०० वॅटचा हीटर. बंद दहा बाय दहाच्या खोलीत दोन तास गेम चालला की खोलीच तापते आणि तीच तापलेली हवा पीसी पुन्हा आत ओढतो. मोठा कूलर लावून यातून सुटका नाही. तो उष्णता चिपवरून लवकर काढतो, पण टाकतो त्याच खोलीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सोलापुरात पीसी जमवताना पहिला आकडा वॅटचा बघा, फ्रेमचा (गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो त्याचा) नंतर.

प्रोसेसरमध्ये ६५ वॅटचा वर्ग पुरेसा. रायझन ५ ७६०० प्रत्यक्षात जास्तीत जास्त ८८ वॅटपर्यंत जातो, १२४००एफ ११७ पर्यंत. याउलट आय९ १४९००के २५३ वॅट मागतो, आणि गेमसाठी त्याची गरज बहुतेकांना नसते. नावाच्या शेवटी एक्स असलेले रायझन आधीच घेतले असतील तर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) ईको मोड लावा, म्हणजे प्रोसेसर कमी वॅटवर चालतो. गेममधला फरक जाणवणार नाही इतका कमी असतो, कारण गेममध्ये बहुतेक वेळा अडकतं ते ग्राफिक्स कार्डापाशी.

कार्डात तफावत फार मोठी आहे. आरटीएक्स ४०६० चे ११५ वॅट, ५०६० चे १४५, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीचे १६०, ५०६० टीआयचे १८०, ५०७० चे २५०. ५०९० चे तर ५७५! १०८०पी (फुल एचडी) वर खेळणाऱ्याला १६०-१८० वॅटच्या पुढे जायचं कारण नाही. कार्ड घेताना एका पंख्याचं आखूड मॉडेल टाळा. त्याच चिपचं दोन-तीन पंख्यांचं, जाड हीटसिंकचं मॉडेल थोडं महाग पडतं, पण इथे ते पैसे वसूल होतात.

कॅबिनेट समोरून जाळीचंच हवं. पुढून सगळी काच आणि कडेला बोटभर फट असली कॅबिनेटं दिसायला छान असतात, पण हवा जायला वाट नसते. अंदाज यावा म्हणून सांगतो : ३०० वॅट उष्णता बाहेर काढायला कॅबिनेटमधून खरोखर १०० सीएफएम (मिनिटाला १०० घनफूट) हवा वाहत असेल, तर बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्यापेक्षा सुमारे ६ अंश गरम असते. हवा निम्मी झाली की हा फरक दुप्पट, म्हणजे १२ अंश. ३८ च्या खोलीत कॅबिनेटच्या आत ५० अंश म्हणजे काय ते तुम्हीच बघा. पुढे १४० मिमीचे दोन किंवा १२० मिमीचे तीन पंखे आत हवा ओढायला, मागे एक बाहेर टाकायला. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा जास्त ठेवा. तसं केलं की हवा फिल्टरमधून येते, फटीफटीतून धूळ ओढली जात नाही.

पॉवर सप्लायवर सगळ्यात जास्त काटकसर होते, आणि इथे तीच अंगाशी येते. खोक्यावर ६०० वॅट लिहिलेलं असतं, पण किती तापमानाला ते बघा. चांगले सप्लाय ५० अंशांना पूर्ण वॅट देतात, साधे ४० ला, काही तर २५-३० ला. ८० प्लसची (सप्लाय किती वीज वाया घालवतो त्याची) चाचणी २३ अंशांच्या आसपास होते, त्यामुळे गोल्डचा शिक्का उन्हाळ्याची हमी देत नाही. आतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर आणि ५० अंशांचं रेटिंग असलेला ५५० किंवा ६५० वॅटचा घ्या आणि तो निम्म्या भारावर चालू द्या.

---

शेंगा_भाकरी

मस्त धागा. एक विचारायचंय. दुकानदार म्हणतो सोलापुरात ३६० मिमीचा लिक्विड (पाण्याचा) कूलर घेतल्याशिवाय पर्याय नाही. खरं का? मी ७६०० च घेणार आहे.

---

होटगी_रोड

७६०० ला अजिबात गरज नाही. ८८ वॅटसाठी चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा) एक टॉवरवाला हवेचा कूलर बास होतो, डीपकूल एके४०० सारखा. ७८००एक्स३डी असेल तर दोन टॉवरवाला घ्या, थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई सारखा.

लिक्विड कूलरलाही उष्णता खोलीतल्या हवेतच टाकायची असते, ३८ ची ३८ च राहते. वर पंप ही एक बिघडणारी वस्तू वाढते, आणि नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षं थोडं थोडं उडत असतं, उष्णतेत जास्तच. टॉवर कूलरमध्ये बिघडण्यासारखा फक्त पंखा असतो आणि तो कुठल्याही दुकानात मिळतो. वाचलेले पैसे कॅबिनेट आणि पॉवर सप्लायवर घाला.

---

पूर्वभागकर

आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. धूळ वेगळी आणि कापसाचे तंतू वेगळे, हे बाहेरच्यांना कळत नाही. टॉवेलचे माग असले की हवेत सतत बारीक तंतू तरंगत असतात, ते फिल्टरवर बसतात आणि नमद्यासारखा थर तयार होतो. महिन्याभरात हवा बंद. पीसी तापला म्हणून लोक थर्मल पेस्ट बदलत बसतात आणि खरा बूच पुढच्या जाळीवर असतो.

मी काय करतो सांगतो. कॅबिनेटच्या मूळ फिल्टरच्या बाहेरून डासांच्या जाळीचा एक तुकडा चुंबकाच्या पट्टीवर लावलाय. तंतू त्या जाळीवरच अडकतात. तो तुकडा काढून झटकला की काम झालं. त्याची भोकं मोठी असल्यामुळे हवा अडत नाही, पण काळ्या मातीची बारीक धूळ त्यातून जाते, तिच्यासाठी आतला फिल्टर लागतोच. तो आठवड्याला काढून नळाखाली धुवायचा. मे महिन्यात गच्चीवर लगेच सुकतो, पावसाळ्यात मात्र पूर्ण कोरडा झाल्याशिवाय परत लावू नका.

आणि कृपा करून चालू पीसीवर टॉवेल किंवा चादर टाकू नका. धूळ बसू नये म्हणून आमच्याकडे घरोघरी हे चालतं. झाकायचंच असेल तर बंद करून, गार झाल्यावर.

---

सातरस्ता

पूर्वभागकर +१. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा पेन्सिलीने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा त्याच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतो आणि बेअरिंग जातं. मेन स्विच बंद, आणि ब्लोअर आतून बाहेर मारायचा, बाहेरून आत नाही. नाहीतर तोच कचरा हीटसिंकच्या पात्यांत ठासून बसतो.

---

वनिता_जुळे_सोलापूर

नमस्कार. मुलगा बारावी झालाय आणि पीसी हवा म्हणतोय. घरात डेझर्ट कूलर आहे, एसी नाही आणि घ्यायचाही नाही. कूलरच्या दमट हवेने पीसी खराब होईल, असं शेजारचे सांगतात. कूलर चालू असलेल्या खोलीत पीसी ठेवला तर चालेल का?

---

होटगी_रोड

ताई, चालेल, आणि फायदाच होईल. हे जरा सविस्तर लिहितो, कारण ही भीती बऱ्याच जणांना असते.

आपला उन्हाळा कोरडा आहे. ४२ अंशांच्या हवेत आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओल्या वाळ्यातून गेलेली हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईत हे जमत नाही, सोलापुरात जमतं. म्हणजे पीसीला मिळणारी हवा दहा अंशांनी थंड! कुठल्याही महागड्या सीपीयू कूलरने एवढा फरक पडत नाही.

पाणी साचतं ते हवेपेक्षा थंड वस्तूवर, गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून साचतं तसं. चालू पीसीचा प्रत्येक भाग खोलीपेक्षा गरमच असतो, त्यामुळे त्यावर दव धरत नाही. धोका आहे तो थेंबांचा. जुन्या कूलरचे पॅड सैल झाले की हवेबरोबर पाण्याचे शिंतोडे उडतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते थेंब बोर्डावर वाळले की पांढरा थर उरतो, पुढे तो ओल धरतो आणि टाके गंजतात. म्हणून पीसी कूलरच्या झोतात समोर ठेवू नका, बाजूच्या भिंतीला ठेवा.

कूलर खिडकीत आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी हवी. हवा बाहेर गेली नाही तर खोली फक्त दमट होते, थंड होत नाही. पीसी हवा बाहेर जायच्या वाटेच्या बाजूला ठेवला, तर त्याची गरम हवा खोलीत न फिरता बाहेर निघून जाते.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो. पण तेव्हा बाहेरची हवाच ३०-३५ च्या आसपास उतरलेली असते. खिडकी उघडी ठेवली की भागतं.

---

बार्शी_लाईट

सीलिंग फॅनबद्दल कुणीच लिहिलं नाही. पंख्याखाली आपल्याला गार वाटतं ते घाम उडतो म्हणून. पंख्याने खोलीचं तापमान उतरत नाही, त्यामुळे पीसीला त्याचा फायदा शून्य. उलट वरच्या मजल्यावर स्लॅबखाली साठलेली सगळ्यात गरम हवा पंखा खाली ढकलतो. टेबलावर उंच ठेवलेला पीसी तीच हवा ओढतो.

आमचं घर शहाबादी फरशीचं आहे. मेमध्ये डोक्याच्या उंचीला आणि जमिनीजवळ थर्मामीटर ठेवून बघा, फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून कॅबिनेट खाली ठेवलंय, पण थेट फरशीवर नाही, वीतभर उंचीच्या पाटावर. फरशीला लागून ठेवलं तर झाडताना उडणारा केर खालच्या पॉवर सप्लायचा पंखा सरळ आत ओढतो.

गच्चीवर चुना मारा. दोन हात मारले तरी खालच्या खोलीत फरक पडतो. कुठल्याही पंख्यापेक्षा स्वस्त, आणि घरातल्या सगळ्यांनाच सुख.

---

होटगी_रोड

गच्चीचा मुद्दा फार मोलाचा. आरसीसी स्लॅब दिवसभराची उष्णता पोटात घेतो आणि काही तास उशिरा खाली सोडतो, म्हणून आपल्या खोल्या दुपारी दोनपेक्षा संध्याकाळी सातला जास्त तापलेल्या असतात. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत भट्टी. पोरं नेमकी त्याच वेळी खेळायला बसतात. सकाळी पाच ते नऊ ही पीसीसाठी सगळ्यात चांगली वेळ, आणि सुट्टीत ते जमण्यासारखं आहे.

कॉम्प्युटर टेबलाच्या त्या बंद खणात पीसी कोंबू नका, हेही सांगून ठेवतो. खण पूर्वीच्या ऑफिसच्या पीसीसाठी होते. मागे फळी, बाजूला फळी, गरम हवा फिरून पुढच्या जाळीतून परत आत. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवूनही ठेवू नका, दुपारनंतर ती भिंतच तापलेली असते. मागे निदान हातभर जागा सोडा.

---

मंद्रूपकर

आमच्याकडे लाईटचा खेळ असतोय. व्होल्टेज कमीजास्त व्हायलंय आणि मधेच जातंय. इन्व्हर्टर आहे घरात. वेगळा यूपीएस घ्यायचा का? आणि स्टॅबिलायझर लागतो का?

---

सातरस्ता

मी वायरिंगचं काम करतो, तेवढ्यापुरतं सांगतो.

इन्व्हर्टरवर बहुधा एक स्विच असतो, ईको आणि यूपीएस. ईकोवर असेल तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात. पॉवर सप्लाय स्वतःच्या जिवावर साधारण १६-१७ मिलिसेकंद दम धरतो, मग पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर हा वेळ साधारण १० मिलिसेकंदांवर येतो, म्हणजे चालून जातं. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर ॲक्टिव्ह पीएफसीवाले (ओढलेला करंट व्होल्टेजच्या लयीत ठेवणारं सर्किट असलेले) सप्लाय कुरकुरतात, काही बंदच पडतात.

वेगळा यूपीएस घ्यायचा तर व्हीए (व्होल्ट-अँपिअर) बघून फसू नका, वॅट त्याहून कमी असतात. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच देतो. पीसी आणि मॉनिटर मिळून ३०० वॅट धरले तर १००० व्हीए घ्या. त्यातली बॅटरी उष्णतेची शत्रू आहे. २५ अंशांवर जेवढी वर्षं टिकते त्याच्या निम्मी वर्षं ३५ वर टिकते. म्हणून यूपीएस पीसीच्या मागे, गरम हवेच्या झोतात ठेवू नका.

स्टॅबिलायझर चांगल्या सप्लायला लागत नाही, तो १०० ते २४० व्होल्ट घेतो. व्होल्टेज पडलं की करंट जास्त ओढतो आणि थोडा जास्त तापतो, एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्थिंग. उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टरला त्याचं काम नीट करता येत नाही, आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. मार्च ते जून खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा, आणि वायरमनकडून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज एकदा मोजून घ्या.

---

विजापूरवेस_गेमर

माझ्याकडे आधीच आरटीएक्स ४०७० आहे, २०० वॅटचं. मेमध्ये हॉटस्पॉट (चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा आकडा) १०० च्या वर जातोय. विकून टाकू का?

---

होटगी_रोड

विकू नका, आवळा. एमएसआय आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७५ टक्के करा. कार्ड १५० वॅटवर येईल. वॅट पाव हिश्शाने उतरतात, फ्रेम त्या मानाने फारच कमी उतरतात, कारण वरच्या टोकाच्या थोड्याशा वेगासाठी चिप बेसुमार वीज खात असते. त्यानंतर हळूहळू अंडरव्होल्ट करा. व्होल्टेज-वेगाचा आलेख उघडायचा, कमी व्होल्टेजवर जमेल तेवढा वेग धरायचा आणि पुढची रेघ सपाट करायची. गेम क्रॅश झाला तर एक पायरी मागे.

मग फ्रेमवर मर्यादा घाला. व्हॅलोरंटसारखा गेम मोकळा सोडला की ३००-४०० फ्रेम काढत बसतो, मॉनिटर मात्र १४४ चा किंवा ७५ चा. वरच्या सगळ्या फ्रेम म्हणजे फुकटची उष्णता. एनव्हीडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट मॉनिटरएवढा करा. मेमधला सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे.

कार्डाचे पंखे कमी तापमानाला पूर्ण थांबतात, ती सोय उन्हाळ्यापुरती काढून टाका. ३८ च्या खोलीत कार्ड काही न करताही त्या उंबरठ्यापाशी असतं, त्यामुळे पंखे सतत चालू-बंद होत राहतात. कायम ३० टक्क्यांवर फिरू द्या.

कार्डाचं नेहमीचं तापमान आणि हॉटस्पॉट यांच्यातला फरक २० अंशांच्या बराच वर असेल, तर चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट सरकली असण्याची शक्यता आहे. उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. पुन्हा लावायचीच झाली, तर साध्या पेस्टऐवजी पीटीएम७९५० ची पट्टी वापरा. ती तापली की मऊ होऊन बसते आणि पेस्टसारखी कडेला ढकलली जात नाही. आपल्या हवेत ती मला पटलेली आहे.

---

शेंगा_भाकरी

लॅपटॉपचं काय? भाऊ म्हणतोय गेमिंग लॅपटॉप घे, कॉलेजला पण नेता येईल.

---

बार्शी_लाईट

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान बघा, बहुतेकांचं ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. आपली खोली त्याच्या पुढे. कॉलेजला न्यायची खरी गरज असेल तरच घ्या, आणि घरी मागची बाजू उचलून ठेवा. गादीवर ठेवून तर कधीच नको.

---

वनिता_जुळे_सोलापूर

सगळ्यांचे आभार. मुलाने वाचून ही यादी केली : रायझन ५ ७६००, एके४००, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, जाळीचं कॅबिनेट, ६५० वॅट ५० अंशांचा सप्लाय, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. इथे सगळं मिळालं नाही तर हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन आणायची तयारी आहे, नाहीतर नातेवाईक सिकंदराबादला आहेत, ते तिथल्या सीटीसी या कॉम्प्युटर मार्केटमधून पाठवतील. यात काही राहिलंय का?

---

होटगी_रोड

यादी चांगली आहे ताई. मुलाने छान विचार केलाय. गेममध्ये हा पीसी मॉनिटर सोडून साधारण २५०-३०० वॅटच्या आत राहील.

एनव्हीएमई कार्डाच्या अगदी खालच्या खाचेत बसवू नका, कार्डाची गरम हवा थेट तिच्यावर येते. घरच्या वापराच्या एसएसडींची मर्यादा ७० अंशांच्या आसपास असते. प्रोसेसरजवळच्या खाचेत लावा आणि बोर्डाबरोबर आलेला हीटसिंक लावायला विसरू नका. त्याच्याखालचा प्लॅस्टिकचा कागद काढायचा राहून जातो, तो आठवणीने काढा.

सप्लाय आणि कार्ड जमलं तर इथूनच घ्या. वॉरंटीत द्यायची वेळ आली की गाठायला माणूस जवळ असलेला बरा. कॅबिनेट आणि पंखे कुठूनही आणा.

पीसी जोडला की कॅबिनेटची बाजू बंद करून, खोलीतला डेझर्ट कूलर न लावता, संध्याकाळी सहा-सात वाजता एक तास जड गेम चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर, कार्डाचा हॉटस्पॉट, कार्डाची मेमरी आणि एसएसडी यांचे सगळ्यात वरचे आकडे लिहून घ्या. खोलीचं तापमानही लिहा, त्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. दुकानाची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत हे करा. आकडे इथे टाका, पंख्यांचा वेग कसा लावायचा ते बघून सांगतो.